वेडीचं काम

वेडीचं काम कुणी करायचं, असं प्रतिभाताईंनी विचारलं आणि देवळाच्या सभामंडपात बसलेल्या सगळ्या बायका एकाच वेळी निर्मलाकडे बघू लागल्या. आपसात काही बोलणं झालेलं नव्हतं, कुणी कुणाला कोपर लावलेलं नव्हतं. हरिपाठात पुढचं चरण आपोआप ओठावर यावं तितक्या सहज सगळ्यांच्या माना वळल्या. निर्मला टाळांची दोरी आवळत होती. आपल्यामागं कुणी येऊन उभं राहिलं की काय म्हणून तिनं वळूनही बघितलं. मागं खांब होता आणि खांबाला टेकवलेली गुंडाळलेली सतरंजी. "मग ठरलं तर," प्रतिभाताई म्हणाल्या, "सासू कोंडाबाई, शेजारणी तुम्ही तिकडच्या सगळ्या, आणि वेडी आपल्या निर्मलाताई." प्रतिभाताई शाळेतून निवृत्त झालेल्या, भजनी मंडळाच्या अध्यक्ष, आणि सप्ताहासाठी भारुड त्यांनी स्वतः लिहिलेलं. एका बाईला वेड लागतं, सासू आणि शेजारणी तिला नावं ठेवतात, आणि शेवटी कळतं की हे वेड देवाचं आहे. निर्मलाला विचारायचं होतं, माझंच का? पण उभ्या संसारात तिच्या तोंडात एकच शब्द इतका बसला होता, की दुसरा काही निघायच्या आत तोच निघाला. "बरं," ती म्हणाली.

घरी जाताना मंचरचा तो मोठा रस्ता ओलांडावा लागायचा. बाजार समितीकडं निघालेल्या कांद्याच्या गाड्या, एसट्या, मधूनच घुसणाऱ्या फटफट्या. एरवी ती रामकृष्णहरी म्हणत रस्ता ओलांडायची आणि तो ओलांडलाही जायचा. आज ती 'माझंच का, माझंच का' म्हणत निघाली, आणि मधोमध आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण हे मोठ्यानं म्हणतोय. एका ट्रकवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मावशी, तुमचंच कशाला, माझंबी तेच हाय. पन आधी बाजूला व्हा." ती बाजूला झाली, आणि तिथल्या तिथं तिचं मन स्वतःच्याच विरुद्ध साक्षी गोळा करायला लागलं. परवा दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना आपण टाळी धरली होती आणि शेजारचा म्हातारा उठून लांब जाऊन बसला. पतसंस्थेच्या खिडकीत त्या पोरीनं सही कुठं करायची ते दाखवलं, तेव्हा आपण 'जय हरी' म्हणालो. कीर्तन ऐकून आलं की ते तिच्यात लोणच्यासारखं मुरत राहायचं. महाराजांनी धरलेली चाल, मृदंगाची ती एक चुकवून मारलेली थाप, टाळकऱ्यांनी एकदम पायात पाय घालून घेतलेली उडी, आणि मग महाराज अचानक थांबून नेहमीच्या आवाजात बोलायला लागतात, जसं काही स्वयंपाकघरातनंच कुणी हाक मारली, ती जागा. जगात एवढं सुख दुसरं कशात आहे, हे तिला कधी समजलं नव्हतं. पण ते सुख चेहऱ्यावर दिसतं कसं, हे तिनं कधी आरशात बघितलं नव्हतं. बायकांनी बघितलं असणार.

"मला येडीचं काम दिलंय," तिनं घरात सांगितलं. नवरा सोमनाथ मालिका बघत होता. बटाट्याच्या बियाण्याच्या दुकानातून आला की तो मालिकेतल्या सासूवर दात ओठ खात बसायचा. "तुला काय अवघड हाय त्यात," तो म्हणाला. मग मालिकेतही एकदम शांतता झाली म्हणून असेल, त्याला आपलंच वाक्य ऐकू आलं. "म्हंजी," तो म्हणाला, "तुझं पाठांतर चांगलं हाय." सून हर्षाली आतून कणकेच्या हातांनी बाहेर आली. "आई, मस्त जमेल तुम्हाला."

"का गं?"

"अहो, तुम्ही कांदा चिरताना बोलत असता की."

"कुनाशी?"

"ते मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, खाजगी असेल."

हर्षाली मनानं चांगली. सासूचं काम चांगलं व्हावं म्हणून तिनं मोबाइलवर मालिकांमधल्या, सिनेमांतल्या वेड्या बायका शोधून शोधून दाखवल्या. निर्मला चष्मा लावून बघत बसली. सगळ्यांचे केस मोकळे, कमरेपर्यंत, आणि चकचकीत. वेड लागलेल्या बाईचे केस इतके कोण धुतं, हा तिला पहिला प्रश्न पडला. साडी पांढरी, फाटलेली, पण फाटायची तेवढ्याच ठिकाणी फाटलेली. वीज कडाडते, देवळातल्या घंटा वाजतात, बाई हसते, मग रडते, मग बाहुलीला अंगाई म्हणते आणि डॉक्टर चष्मा काढून हिंदीत सांगतात की इन्हें गहरा सदमा पहुँचा है. एकही वेडी बाई भाजी निवडताना दिसली नाही. एकीलाही कुणी जेवलीस का विचारलं नाही. "बाप्ये येडे न्हाईत का ह्यात?" तिनं विचारलं. हर्षालीनं बरंच वरखाली केलं. बाप्ये होते, पण ते वेडे झाले की शास्त्रज्ञ व्हायचे, नाहीतर खुनी. घरात बसून नुसता वेडा झालेला बाप्या तिथं सापडला नाही.

निर्मलाला मग सासरच्या पिंपळवंडीच्या शिवारातला एक बाप्या आठवला. बाभळीखाली बसायचा, अंगावर लंगोटीसुद्धा असेल नसेल, येणाऱ्याजाणाऱ्याला खडे मारायचा. ज्याला खडा लागला त्याचं काम होतं, असं कुणीतरी म्हणालं. मग लोक खडा लागावा म्हणून आपणहून त्याच्यासमोरून चकरा मारायला लागले. सोमनाथही मारून आला होता. पुढं त्या बाभळीला पार बांधला गेला. त्याच्याविषयी निर्मला वावगं बोलणार नाही, खरोखर पोचलेला असेल, देव कुणाच्या रूपात बसेल सांगता येत नाही, आणि सोमनाथचं दुकान त्याच साली झालं हेही खरं. पण त्याच बाभळीखाली एखादी बाई खडे मारत बसली असती, तर तिला संध्याकाळच्या आत भावाला बोलवून माहेरी पाठवलं असतं, आणि पार काही कुणी बांधला नसता, हे तिला आजवर कधी सुचलं नव्हतं. ते आज, मोबाइल हातात धरून, सुचलं. सुचलं त्याची तिला जरा भीतीच वाटली. असलं काहीतरी सुचायला लागणं म्हणजेच तर ते वेड नसेल?

तालमीत प्रतिभाताई सांगायच्या, "केस सोडायचे, कुंकू फासायचं, आणि येतानाच खदाखदा हसायचं. मागच्या रांगेतल्या माणसालाही लांबूनच कळलं पाहिजे की वेडी आली." निर्मलाला संवाद पहिल्याच दिवशी पाठ झाले, पण हसू काही येईना. यायचं ते हळदीकुंकवाचं वाण घेताना हसतात तसलं. "हे काय येडीचं हसू हाय व्हय," कोंडाबाई म्हणाल्या, "हे तर सून म्हायेरी गेल्यावरचं हाय." बायका खिदळल्या. निर्मलाही हसली, आणि ते मात्र चांगलं खदाखदा झालं. पण ते वेडेपणाचं नव्हतं, म्हणून उपयोगाचं नव्हतं. तिची अडचण हसण्याची नव्हतीच. केस सोडून उभं राहिलं की तिला गजरानानी दिसायची, आणि गजरानानीच्या डोक्याइतकं नीट विंचरलेलं, तेल घालून चप्प बसवलेलं डोकं तिनं दुसरं बघितलं नव्हतं.

गजराबाई तिची चुलती. बोरी बुद्रुकला, निर्मलाच्या माहेरी, अजून आहे. वाडवडील मेंढरं राखायचे, चुलता जानकूनाना शेवटपर्यंत थोडी बाळगून होता, बाकी सगळं शेतीत आलेलं. गजरानानी कामाला वाघ, आणि कीर्तनाची अशी भुकेली, की नदीपलीकडच्या गावात कर्ण्यावर मृदंग वाजला की तिचा हात भाकरीवरच थांबायचा. कीर्तनाची गोडी निर्मलाला लागली ती तिच्याच मांडीवर. गावात तिला येडी गजरा म्हणायला लागले, ते ज्या दिवसापासून, त्या दिवशीही निर्मला तिच्या मांडीवरच होती. काल्याचं कीर्तन होतं. महाराज मोठे नावाजलेले, रंगात आलेले. कीर्तनकार प्रश्न विचारतात, ते उत्तरासाठी नसतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. महाराज म्हणाले, "सांगा मंडळी, शेवटच्या वाटेला नवरा बायकोबरोबर येतो का?" सगळा मांडव गप्प होता, असं गप्प राहूनच नाही म्हणायचं असतं. आणि बायकांच्या बाजूनं गजरानानी साध्या आवाजात, अगदी मनापासून म्हणाली, "न्हाई महाराज. आमचा तर बाजारालाबी येत न्हाई." मांडव कोसळला. महाराजही हसले, विणेकरीबुवा हसले, आणि मग महाराजांना पुढचं काही आठवेना. आपल्याखालची नानीची मांडी हलली, एवढं निर्मलाला आठवतं. नानी हसत नव्हती. ती वाकून तिला विचारत होती, "काय झालं गं? मी चुकीचं बोलले का?" पुढंही ती उत्तरं देतच राहिली. देह कुणाचा, पैसा कुणाचा, घर कुणाचं, महाराज विचारायचे आणि नानी सांगायची, कारण तिला वाटायचं, एवढा मोठा माणूस इतक्या कळवळ्यानं विचारतोय आणि कुणीच कसं उत्तर देत नाही. जानकूनानानं तिला कोंडून बघितलं. देवऋषी झाला, लिंबं झाली, कडुलिंबाचा पाला झाला. मग पुण्याच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, त्यांनी ती पुष्कळ झोपली. झोपेतून उठली की वेणीफणी करायची आणि विचारायची, आज कुठं कीर्तन हाय का.

आणि त्याच कीर्तनांमध्ये, निर्मलाला आता आठवायला लागलं, महाराज गवळणींचं सांगायचे. बासरी वाजली आणि एकीनं दूध चुलीवर ठेवलं ते तसंच उतू जात राहिलं, एकीनं काजळ ओठाला लावलं, एकीनं पायातलं हातात घातलं, नवरे हाका मारत राहिले आणि त्या निघाल्या. इथं आलं की महाराजांचा गळा दाटायचा, निर्मलाचे डोळे वाहायचे, आजही वाहतात. ते वेड केवढं थोर. मग नानीची भाकरी तव्यावर करपली ती कशी थोर झाली नाही? ह्या प्रश्नाला उत्तर असणार, कुठल्यातरी महाराजांना ते ठाऊकही असणार, तिची श्रद्धा काही हलली नव्हती. फक्त हा प्रश्न उत्तरासाठी विचारायचा असतो की गप्प बसण्यासाठी, एवढं तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपण सांगावं, म्हणून ती बोरीला गेली. एसटीनं नारायणगाव, पुढं जीप. नानी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. "नानी, आमच्या सप्ताहात भारुड हाय. मी काम करतीय."

"कसलं?"

सगळ्या वाटेनं ठरवून ठेवलेलं बोलणं निर्मला विसरली. "येडीचं," ती म्हणाली.

नानीनं एक शेंग फोडली, दाणे बघितले, एक किडका निघाला तो टाकला. "मोठं हाय का?"

"काय?"

"काम."

"मोठं हाय. समदं तिच्यावरच हाय."

"मंग बरं. बारकं असतं तर कशाला करायचं." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "शेवटी काय व्हतं तिचं?"

"शेवटी कळतं की तिला देवाचं येड हाय. मग समदी तिच्या पाया पडत्यात."

"आन भाकरी कोन करतं मंग?"

"ते भारुडात न्हाई."

"तिथंच तर अडतंय," नानी म्हणाली, आणि दाण्यांचं सूप निर्मलापुढं सरकवलं. मग हात झटकत म्हणाली, "मी येनार बघाया. सोमनाथला म्हनावं गाडी घेऊन ये. येडी कशी असती ते मला बघायचंय. गावातल्या समद्यांनी बघितली, मीच तेवढी ऱ्हायले." आपण महाबळेश्वर बघितलं नाही, हे एखादी जसं सांगेल, तसं तिनं सांगितलं. त्यात टोचणी नव्हती, रुसवा नव्हता. निर्मला म्हणाली, "बरं."

परतीच्या जीपमध्ये दोन पोत्यांच्या मध्ये बसून तिनं सगळ्या बाजूंनी विचार केला. नानी पुढच्या रांगेत बसणार. आपण जे करू, ते बघून ती म्हणणार, असं होय, अशी दिसत होते मी. केस पिंजारले तर पिंजारलेली, घुमलो तर घुमणारी. आणि केलं नाही तर मंडळाचं भारुड बुडालं, प्रतिभाताईंनी उन्हाळाभर बसून लिहिलेलं, पंचक्रोशीत सांगून झालेलं. बरं, काम चांगलं केलं तर लोक म्हणणार, बाई मुळातच तशी आहे. वाईट केलं तर म्हणणार, हिला साधं वेडेपणाचं सोंगसुद्धा जमत नाही. तिनं पांडुरंगाला सांगितलं की बाबा, त्या दिवशी मला ताप आण. त्या दिवशी सकाळी तिची तब्येत कधी नव्हती इतकी ठणठणीत होती.

सप्ताहाचा पाचवा दिवस, दुपारचा कार्यक्रम. मांडव बायकांनी भरलेला, कडेनं बाप्ये उभे. पडद्यामागं प्रतिभाताईंनी स्वतःच्या हातांनी निर्मलाचा अंबाडा सोडला, बोटानं कुंकू कपाळभर ओढलं, लांब होऊन बघितलं आणि म्हणाल्या, "वा." निर्मलानं पडद्याच्या फटीतून बघितलं. पुढंच, खुर्चीवर, नवं लुगडं नेसून नानी बसली होती. बाकीच्या बायका बोलत होत्या, पोरांना दटावत होत्या, शेंगदाणे खात होत्या. नानी मोकळ्या रंगमंचाकडे टक लावून बघत होती, आरसा पुसून झाल्यावर त्यात बघतात तसं. निर्मलानं काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. हातच वर गेले. त्यांनी केस गोळा केले, पीळ दिला, अंबाडा घातला. पदराच्या टोकानं कुंकू पुसून गोल केलं. प्रतिभाताई पेटीवाल्याला सूर सांगायला गेल्या होत्या. त्या वळल्या तोवर वेडी रंगमंचावर पोचली होती.

निर्मला उभी राहिली, नमस्कार केला, आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीशी बोलावं तशा आवाजात प्रतिभाताईंचे संवाद एक अक्षर न गाळता बोलायला लागली. "बायांनो, दळण दळायला बसले, आणि बघते तर जातंच मला दळतंय. घर माझं म्हणतात, दारावर पाटी मालकाची. पोर माझं म्हणतात, नाव मालकाचं. चूल तेवढी माझी, तिच्यावर कुणी नाव लावत नाही." तालमीत ह्या वाक्यांवर बायका पोट धरून हसायच्या. आता मांडवात कुणीच हसलं नाही. शेंगदाण्यांचा आवाज थांबला. पुढच्या रांगेतल्या दोघींनी माना डोलावल्या, मागून कुणीतरी "खरं हाय बाई" म्हणालं. हे प्रास्ताविक चाललंय, अशी सगळ्यांची समजूत झाली. मंडळाच्या वतीनं कुणीतरी सुशिक्षित ताई चार शब्द बोलताहेत, आणि चांगलं बोलताहेत. शेजारणी आल्या, निर्मलाच्या अंगावर हात नाचवत ओरडल्या, "हिला काय झालं गं, हिला येड लागलं गं," तेव्हा मांडवातल्या सगळ्या माना पडद्याकडं वळल्या. कोण ते बघायला. कोंडाबाईंनी सासूची काठी आपटली, "बांधा गं तिला," तर दोन पोरं उभी राहून विंगेत डोकावायला लागली. संयोजकांपैकी एकानं बाजूनं निर्मलाला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. एक म्हातारी चांगलं मोठ्यानं म्हणाली, "अगं पन येडी कवा येनार हाय?"

निर्मला बोलत राहिली. एवढ्या लोकांसमोर इतका वेळ तिचं कुणी ऐकलं नव्हतं. शेवटी शेजारणींनी विचारलं, कुणाचं येड लागलं गं बाई तुला, आणि इथं तिनं दोन्ही हात वर करून, किंचाळून, जमिनीवर पडायचं होतं. "पांडुरंगाचं," ती म्हणाली, कुणी गाव विचारल्यावर सांगावं तसं, आणि हात जोडून आत गेली. लोकांनी भाषणाला वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या. संयोजकांनी माइक घेतला. "ताईंचे आभार. आता लगेचच भारुडाला सुरुवात होत आहे."

पडद्यामागं प्रतिभाताई लोखंडी खुर्चीवर बसल्या होत्या. "आता काय सांगू मी त्यांना?" त्या म्हणाल्या. निर्मला खाली मान घालून उभी राहिली. "चुकलं असंल तर माफ करा ताई."

"चुकलं कुठं? एक शब्द चुकला नाही. तरी पडलं." प्रतिभाताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग वेगळ्याच आवाजात त्यांनी विचारलं, "निर्मलाताई, ती वाक्यं माझीच होती ना?"

"तुमचीच की."

"लिहिताना मला वाटलं होतं, विनोदी आहेत." त्या तशाच बसून राहिल्या, आणि बाहेर कोंडाबाईंनी वेळ मारून नेण्यासाठी आपणच एक गवळण सुरू केली, तीही दोन सूर वरून.

निर्मला मागच्या बाजूनं उतरून मांडवात आली. नानीजवळ कसं जावं, तिला कळत नव्हतं. पण नानीनंच हातानं खूण केली, शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिला बसवलं. दोघी थोडा वेळ कोंडाबाईंची गवळण ऐकत बसल्या. नानीचं बोट गुडघ्यावर ठेका धरून होतं.

"येडी न्हाईच आली की गं," नानी म्हणाली.

"वाट बघितली नानी," निर्मला म्हणाली. "न्हाईच आली."

नानीनं तिच्या अंबाड्यातून सुटलेली एक बट बोटानं उचलली आणि नीट आत खोचली.

"बरं झालं," ती म्हणाली. "आली असती तर लोक लई हसले असते."